पाखऱ्या काहून हरला?

यादोभाऊ गभण्यांची डिस्क त्या दिवशी हरली नव्हती. मी तिला हरवलं होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, देवापुढे नाही, आणि ज्या माणसापुढे उच्चारायला हवं होतं त्याच्यापुढे तर नाहीच नाही. आता पन्नाशी उलटली, गुडघे बोलू लागले, म्हटलं आपणही बोलावं.

पण आधी यादोभाऊ कोण, ते सांगायला हवं. माणूस पाहिल्याशिवाय त्याचं काय नुकसान केलं ते कळत नाही.

पोळ्याच्या दिवशी आंधळगावात लोक बैल धुतात, शिंगं रंगवतात, तोरणाखाली नेतात. यादोभाऊंकडे बैल नव्हते. ते ओसरीवर पाट मांडायचे आणि त्यावर जुन्या हार्डडिस्का ओळीनं ठेवायचे. प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. त्या दिवशी त्यांच्या घरचा एकही कॉम्प्युटर चालू व्हायचा नाही. वर्षभर राबलेल्या जनावराला पोळ्याला जुंपत नाहीत, हा त्यामागचा विचार. डिस्कांना नावंही बैलांचीच. मोऱ्या, हिऱ्या, लाल्या. आणि सगळ्यांत मानाचा पाखऱ्या. दुसऱ्या दिवशी गावात मारबत, म्हणजे ईडा-पीडेचा पुतळा, निघायची, पोरं ओरडायची, ‘ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!’ यादोभाऊ दारात उभे राहून डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांसाठी आपली भर घालायचे, ‘खराब सेक्टर घेऊन जा गे मारबत!’

शेवंतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणायच्या, ‘अजी, जाता जाता तुमालेबी घेऊन जाईन ते. जपून उभे राहा.’

लोक हसायचे. मीही हसायचो. माझं हसू थोडं उशिरा यायचं, एवढंच.

त्यांचा छंद म्हणजे जुन्या कॉम्प्युटरांचा पट. आमच्याकडे धान निघालं की शंकरपट भरतात, बैलजोड्या धावतात. यादोभाऊंच्या ओसरीवर डिस्का धावायच्या. टेबलावर दोन जुने कॉम्प्युटर, त्यांची झाकणं उघडी, आतली हाडं-आतडी बाहेर. दोन्हींवर एकच काम लावायचं, ट्रकच्या फेऱ्यांची एक जुनी मोठी फाइल गाडी नंबरप्रमाणे लावून काढायची. ज्याची यादी आधी लागली तो जिंकला. मग यातली डिस्क त्यात, त्यातलं कार्ड यात, पुन्हा पट. यादोभाऊ डिस्कवर कान टेकवून बसायचे आणि मध्येच ओरडायचे, ‘हाऽऽ, उधळला!’ शेजारची म्हातारी पहिल्यांदा घाबरून हातात काठी घेऊन आली होती.

डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक कार्ड असतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. कुठून काय आणायचं, कुठं काय ठेवायचं, हे डिस्कला तो सांगतो. यादोभाऊंच्या भाषेत डिस्क म्हणजे बैल आणि कंट्रोलर म्हणजे धुरकरी, जोडी हाकणारा. आणि त्यांचा सिद्धांत असा की, ‘डिस्क दोषी नसते गड्या. आधी कंट्रोलर पाह्य.’

हा सिद्धांत ते कुठंही लावायचे. शेजारच्या नरेशचा पोरगा दहावीत नापास झाला. नरेश त्याला अंगणात बडवत होता. यादोभाऊ कुंपणापाशी जाऊन म्हणाले, ‘पोट्टा डिस्क हाय नरेश. कंट्रोलर तू हायेस. पुढच्या साली तूच बस परीक्षेले.’ करडीला, त्यांच्या सासुरवाडीला, एक लग्न जुळत होतं. बैठकीत नवरदेवाच्या पगाराची, घराची चौकशी झाली. यादोभाऊंनी एकच प्रश्न विचारला, ‘घरातला कंट्रोलर कोन?’ कोपऱ्यातून नवरदेवाची आई म्हणाली, ‘मी हाय. काहून?’ यादोभाऊ मुलीच्या बापाकडे वळून म्हणाले, ‘तं मंग पोराले नाई, इयले पाहून घ्या.’ लग्न झालं, पण आहेराच्या पंगतीत यादोभाऊंच्या ताटात भाजी वाढली नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका नव्या पोरानं त्यांना आजकालची डिस्क दाखवली. चपटी, मुकी.

‘यात फिरते काय?’ यादोभाऊंनी विचारलं.

‘काहीच फिरत नाही काका. म्हणून तर फास्ट.’

‘जे फिरत नाई, ते पटावर कायले आनता?’ म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

तर असे यादोभाऊ. पण हा छंद त्यांना जन्मतः नव्हता. तो त्यांना मी लावला. ते असं झालं.

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतला माल ट्रकांनी रेल्वेपर्यंत पोचवणारी एक खाजगी ट्रान्सपोर्ट कंपनी होती. शेठ एकटेच मालक. आता शेठही नाहीत, कंपनीही नाही. ऑफिस म्हणजे टिनाची शेड, समोर काटा, ट्रक वजन करायचा, आणि सगळीकडे काळी धूळ. त्या शेडमध्ये एक जुना फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर होता आणि त्यावर यादोभाऊ. मी नवा लागलेलो, त्यांच्या हाताखाली. त्यांनीच मला शिकवलं. ‘सुखदेवबाबू, घाई करू नको. मशीनले आयकू दे आधी.’ दुपारी डबा उघडला की पहिली भाकर माझ्या पानात.

महिनाअखेरीला फेऱ्यांची यादी लावायला मशीन फार वेळ घ्यायचं. ड्रायव्हर बाहेर खोळंबायचे, शिव्या द्यायचे. शेवटी शेठनं नागपूरच्या एका विक्रेत्याला बोलावलं. तो नवा पेंटियम घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, धूळ लागू नये म्हणून खुर्चीवर रुमाल. त्यानं यादोभाऊंच्या मशीनकडे पाहून विचारलं, ‘हे अजून चालतं?’

यादोभाऊंना ते लागलं. त्यांनी नागपूरच्या भंगार बाजारातून एक कंट्रोलर कार्ड शोधून आणलं होतं. त्या कार्डावर स्वतःची मेमरी होती. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती ते आपल्यापाशीच धरून ठेवायचं, म्हणून डिस्कला सारखी धाव घ्यावी लागत नव्हती. त्यांनी मला ते चालवून दाखवलं होतं. नव्या मशीनलाही जड गेलं असतं, इतकं सुरेख धावलं. त्याच दिवशी त्यांनी त्या डिस्कचं नाव पाखऱ्या ठेवलं.

‘शेठ,’ यादोभाऊ म्हणाले, ‘नवा घेऊ नका. पट लावू. माहा पाखऱ्या आन् यायचा पेंटियम. मी हरलो तं कॉम्प्युटर सोडतो, काट्यावर बसतो.’

शेठ शौकीन माणूस. स्वतः बैलजोड्या पाळलेला. त्यांचे डोळे चमकले. दिवसही पटाचेच होते. म्हणाले, ‘लागू द्या.’

आता माझं. विक्रेत्यानं आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नवं मशीन आलं तर त्यावर शिकलेला माणूस लागेल, आणि तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे. नवं नाही आलं तर दोन माणसांची गरज काय? मला काट्यावर जावं लागलं असतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासऱ्यांना सांगितलं होतं, कॉम्प्युटरवर आहे. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं कारण प्रत्येकाकडे असतं.

पटाच्या दिवशी यादोभाऊ शेठना आणायला गेले. जाताना म्हणाले, ‘सुखदेव, राखन कर. कोनाले हात नको लावू देऊ.’ मशीनचं झाकण उघडंच होतं. त्या कार्डावर दोन बारीक काड्यांवर एक काळी टोपी बसवलेली असते, लाखोरी डाळीच्या दाण्याएवढी. जंपर म्हणतात. ती असली की कार्डाची मेमरी चालू, काढली की बंद. डिस्क तरीही धावते, पण थकल्यासारखी.

मी ती काढली. नखानं. काहीच आवाज झाला नाही.

मशीन चालू होताना कार्ड पडद्यावर एक ओळ दाखवायचं, मेमरी आहे की नाही. ती ओळ आली तेव्हा मी फडकं घेऊन पडदा पुसत होतो. यादोभाऊ म्हणाले, ‘पोरगं पाहा शेठ, धूळ बसू नाई देत.’

ड्रायव्हर लोक भोवती जमले होते. सगळ्यांत पुढे बकाराम, आमच्यातला सगळ्यांत वाचाळ ड्रायव्हर. काम सुरू झालं. यादोभाऊ पाखऱ्यावर कान टेकवून बसले. थोड्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून रिकामं झालं. मी ते पाहत होतो. पेंटियमची यादी केव्हाच लागली, तिचा कागद छापून निघाला, आणि पाखऱ्या अजून कडकड करत होता. बकाराम ओरडला, ‘यादोभाऊ, बैल हाय का बकरी?’ सगळी शेड हसली. शेठही हसले. विक्रेत्यानं रुमाल झटकला.

यादोभाऊ उठले आणि काट्याच्या खोलीत जाऊन बसले. आत्ताच्या आत्ता. शेठ म्हणाले, ‘अरे उद्यापासून,’ तर म्हणाले, ‘जबान दिली शेठ.’

मी पुढं होऊन म्हणालो, ‘मशीन मी बंद करून ठेवतो भाऊ.’ टोपी परत बसवायला घाईनं वाकलो. ती पडली आणि टेबलाखाली कुठंतरी गेली. सापडेना. खणात एक मोडकं कार्ड होतं, त्याच्यावरची पांढरी टोपी काढून मी बसवली. काळी टोपी मला पुढच्या आठवड्यात झाडताना सापडली. ती तेव्हापासून माझ्या चुन्याच्या डबीत आहे. मी तंबाखू सोडली. डबी ठेवली.

जुनं मशीन शेठनं यादोभाऊंनाच देऊन टाकलं. त्यांनी ते घरी नेऊन चालवलं, आणि पाखऱ्या वाऱ्यासारखा धावला.

तिथून त्यांचं आयुष्य सुरू झालं, किंवा संपलं. ‘घरी धावते, पटावर काहून नाई धावली?’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी खाली ठेवला नाही. दिवसभर काट्यावर, केसांत, कानांत, पापण्यांत काळी धूळ. संध्याकाळी घरी तपास. मी मात्र पंख्याखाली, पुढं पुढं एसीत. आणि त्यांच्या तपासाला मदतनीस कोण? मीच. दर रविवारी.

त्या दिवशी लाइन कमी होती असा पहिला संशय. म्हणून त्यांनी शेजारची आटाचक्की चालू करायला लावून घरातले दिवे मंद केले आणि पट लावला. पाखऱ्या जिंकला. मग वाटलं, रस्त्याचे धक्के लागले असतील. म्हणून स्कूटरवर, मागच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर मशीन, अशी आमची वरात आंधळगावहून चिखल्याला आणि परत. मी त्या पेटीला तान्ह्या पोरासारखं पोटाशी धरलं होतं. खड्डा आला की यादोभाऊ मागे न बघता विचारायचे, ‘लागलं तं नाई त्याले?’ मला लागलं का, हे विचारायचं काही कारण नव्हतं. पाखऱ्या जिंकला. मग वाटलं, गर्दीला बुजला असेल. गल्लीतली माणसं ओसरीवर जमवून त्यांनी आरडाओरडा करायला लावला. शेवटी एकदा खाणीतली काळी भुकटी आणून मशीनवर शिंपडली.

शेवंतावहिनी दारात कपाळाला हात लावून उभ्या. ‘लोक धानाले दवा मारते,’ त्या म्हणाल्या, ‘आन् हे मशीनवर माती टाकून राहिले. सुखदेवभाऊ, तुमी शिकलेले ना जी? तुमी तरी समजावा यायले.’

मी म्हणालो, ‘छंद आहे वहिनी. करू द्या.’

एक रविवार मात्र मी विसरत नाही. यादोभाऊ कार्ड उन्हात धरून बघत होते. ‘सुखदेव, साऱ्या टोप्या काळ्या. हे एकच पांढरी काहून?’

मी म्हणालो, ‘भंगारातलं कार्ड आहे भाऊ. तशीच आली असेल.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं आता वाटतं. मग म्हणाले, ‘असन.’ आणि कार्ड परत बसवलं. टोपी काढली तेव्हा मी तरुण होतो, घाबरलेला होतो. या दुसऱ्या खोट्याला तसला काही आडोसा नाही. तेव्हा माझी नोकरी पक्की होती, घर झालं होतं. तेव्हा सांगता आलं असतं.

त्यानंतर त्यांनी त्या टोपीचा विषय काढला नाही. पट मात्र चालू राहिले. मला वाटलं, सुटलो.

शेवंतावहिनी गेल्या. मुलगी नागपूरला. काट्यावरून निवृत्त झाल्यावर यादोभाऊंकडे येणारं माणूस म्हणजे मी. नरेश बोलत नव्हता, करडीवाले येत नव्हते. कंट्रोलरवाला सिद्धांत तोंडावर ऐकून घेणारे लोक जगात फार नसतात. कधी जायला उशीर झाला तर मशीन चालू करून ठेवलेलं असायचं, दोन कप पालथे मांडलेले असायचे आणि ते म्हणायचे, ‘मी तं आताच बसलो.’ चहा मात्र थंड असायचा.

यंदा डोळ्यांनी दगा दिला. मुलगी म्हणाली, आता एकटं ठेवणार नाही. धानाची कापणी आटोपली आणि त्यांनी मला निरोप धाडला, ‘शेवटचा पट हाय. आन् कारन सापडलं. ये.’

कारण सापडलं! ती वाट मी कशी कापली ते मला विचारू नका.

ओसरीवर चार-दोन माणसं होती. त्यांत बकारामही होता, दात पडलेला, पण जीभ शाबूत. यादोभाऊंनी मला आपल्या शेजारी बसवलं. हळद लावलेला पाखऱ्या समोर होता. मशीन बंद होतं.

‘आयका बे,’ यादोभाऊ म्हणाले. ‘साऱ्या जिंदगीत मी म्हनत आलो, कंट्रोलर पाह्य. कंट्रोलरबी दोषी नोहता. त्या दिवशी घाईत कार्ड मीच ढिलं बसवलं होतं. डिस्क चांगली, कार्ड चांगलं. हातच माहा खराब.’

बकारामनं मांडीवर थाप मारली. ‘आमी तं तवाच म्हनत होतो! एवढी साल त्या बकरीले कायले छळलं मंग?’

सगळे हसले. यादोभाऊही हसले. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. माझ्या हातात चहाचा कप होता. मी घोट घेतला. चहा गरम होता, जीभ भाजली, आणि तेवढ्यावर मी गप्प राहिलो.

माणसं गेल्यावर त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळलेलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. ‘पाखऱ्याले मी नेतो. हे तुह्यापाशी राहू दे.’ मग म्हणाले, ‘तपास संपला सुखदेव. आता कामासाठी येऊ नको. आता येशीन तं मले भेटाले ये.’

घरी येऊन मी दुपट्टा सोडला. ती पांढरी टोपी कार्डावर नव्हती. म्हणजे होती, पण काळी होती. मला वाटलं, बदलली. नखानं खरवडून पाहिलं. वरचा काळा रंग निघाला आणि खालून पांढरं दिसलं. मार्करनं रंगवली होती. डोळ्यांना नीट दिसत नसताना रंगवलेली, त्यामुळे शाई कडेनं कार्डावरही पसरली होती.

म्हणजे त्यांना कळलं होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. बहुधा उन्हातल्या त्या रविवारपासूनच. ज्या कारणाचा शोध ते माझ्याकडून दर आठवड्याला करवून घेत होते, ते कारण त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतं, आणि यादोभाऊ नाव घेत नव्हते. नाव घेतलं असतं तर मी पुन्हा आलो नसतो. त्यांनी हिशेब करून पाहिला असेल, आणि मला घालवण्यापेक्षा चारचौघांत स्वतःलाच खराब म्हणवून घेणं त्यांना परवडलं असेल. जाताना माझ्या खोटेपणाचा माग राहू नये म्हणून तेवढी टोपीही काळी केली.

मी अजून नागपूरला गेलेलो नाही. दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन परत आलो.

यादोभाऊंचं माझ्याकडे काय बाकी आहे ते सांगतो. एक काळी टोपी, चुन्याच्या डबीतली. आणि बकारामच्या देखत बोलायचं एक वाक्य की टोपी मी काढली होती. दोन्ही द्यायचं राहिलं आहे.